गाय नंतर, आधी वळू शोधा: रिटायर झाल्यावर छोटी देशी गाय पाळायची असेल तर

रिटायर होऊन गावी आलेल्या माणसाच्या डोक्यात पहिल्या सहा महिन्यांत दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे पडवीत झोपाळा टांगायचा आणि दुसरी म्हणजे दारात एक गाय बांधायची. झोपाळ्याचं काय, कंटाळा आला की काढून माळ्यावर टाकता येतो. गाय पंधरा-अठरा वर्षं जगते. साठाव्या वर्षी कालवड घेतलीत तर ती म्हातारी होईल तेव्हा तुम्हीही पंच्याहत्तरीत असणार, हा साधा हिशोब मी गाय घेतल्यावर दोन वर्षांनी केला म्हणून तुम्हाला आधीच सांगून टाकतोय.

हल्ली 'छोटी गाय पाहिजे' असं कुणी म्हटलं की लगेच मोबाईलमधून पुंगनूर निघते. आंध्रातल्या चित्तूर भागातली ही गाय, उंची साधारण तीन फूट, आणि जानेवारी २०२४ मध्ये संक्रांतीला पंतप्रधान मोदी आपल्या निवासस्थानी या गाईंना चारा घालतानाचे फोटो आले तेव्हापासून तर ज्याला त्याला पुंगनूर हवी झालीय, आणि किंमती सरळ लाखात बोलल्या जातात. दिसायला गोड आहेच, त्यात वाद नाही. पण फोटो बघून गाय ठरवणं म्हणजे फोटो बघून मुलगी पसंत केल्यासारखं झालं, स्वभाव, घर, खाणंपिणं सगळं नंतर कळणार.

आधी 'ब्रीड' म्हणजे काय ते समजून घेऊ कारण इथेच निम्मा गोंधळ आहे. आपल्याकडे गाईगुरांच्या जातींची अधिकृत नोंद हरियाणातल्या कर्नालची राष्ट्रीय संस्था करते, एनबीएजीआर. एखाद्या भागातली गुरं पिढ्यान् पिढ्या एकमेकांसारखी वासरं देतात, त्यांची अंगलट, शिंगं, वशिंड, रंग, दूध यांचं मोजमाप होतं आणि मग त्यांना जात म्हणून नाव मिळतं. आमच्या कोकणातली गाय २०१८ साली 'कोकण कपिला' म्हणून नोंदली गेली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी बरंच काम केलं. त्याआधी कागदोपत्री ती नुसती 'गावठी' होती. म्हणजे आजीच्या गोठ्यात जी तांबू बांधलेली होती ती हीच, गाईत काडीचा फरक पडला नाही, कागद बदलला. पण तो कागद महत्त्वाचा बरं का, कारण नाव नसलेल्या गाईबद्दल सरकारी धोरण वर्षानुवर्षं एकच होतं की हिला जर्सी नाहीतर होल्स्टीन या विदेशी जातींच्या वळूच्या वीर्याचं इंजेक्शन द्या आणि गावातले गावठी वळू खच्ची करा.

ही गाय लहान का, यालाही कारण आहे. कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, खाली जांभा, वर पातळ माती, पावसात गवत भरपूर पण पाणचट, आणि डिसेंबरनंतर कातळावर जे उरतं त्याला गवत म्हणायचं धाडस होत नाही. अशा ठिकाणी चारशे किलोची गाय उपाशी मरेल. दोनशे-अडीचशे किलोची जगते. हलकं अंग चढावर, निसरड्या पायवाटेवर, भाताच्या बांधावर बरं पडतं, आणि छोट्या शरीरातून उष्णता लवकर बाहेर जाते, त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यात ती धापा टाकत बसत नाही. म्हणजे लहानपण हा त्या जमिनीने घडवलेला गुण आहे. कोकण कपिलेचा एक ठरावीक रंगही नसतो, तांबडी, काळी, पांढरी, करडी, बांडी सगळं चालतं, म्हणून रंगावरून 'ही शुद्ध नाय' म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

साठीतल्या माणसासाठी लहान गाईचा अजून एक फायदा कुणी बोलून दाखवत नाही. ती पायावर पाय देते तेव्हा पाय मोडत नाही. दावं ओढून धरायला दोन माणसं लागत नाहीत, शिंग हलवलं तर ते छातीला न लागता कमरेला लागतं. (लागतं मात्र.)

आता मुख्य मुद्दा, वळू. गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि वितेल तेव्हा जेव्हा गाभण राहील, आणि गाभण राहायला वळू लागतो किंवा सीमेन, म्हणजे वळूचं साठवलेलं वीर्य लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं तरी गाय घेताना एकालाही आठवत नाही. कुणी केरळमधून वेचूर आणतो, कुणी आंध्रातून पुंगनूर आणतो, वर्षभर कौतुक होतं, मग गाय आटते, माजावर येते (म्हणजे गाभण राहायला तयार होते), आणि मग शोधाशोध सुरू होते की हिच्या जातीचा वळू दोनशे किलोमीटरात तरी आहे का. नसतोच. सीमेनही सहज मिळत नाही. मग दवाखान्यात जे असेल ते भरलं जातं, मोठ्या जातीचं, आणि छोट्या गाईच्या पोटात मोठ्या हाडाचं वासरू वाढतं. विण्याच्या वेळी ते अडलं की रात्री दोन वाजता डॉक्टर शोधत फिरायचं, आणि गाय, वासरू किंवा दोन्ही जाण्याची पाळी. पहिलटकर कालवडीत हा धोका जास्त.

वेचूरची गोष्टच बघा. कोट्टायम जिल्ह्यातल्या वेचूर गावावरून नाव पडलेली ही जगातल्या सगळ्यात लहान गाईंपैकी एक, उंची नव्वद सेंटिमीटरच्या आसपास, वजन सव्वाशे-दीडशे किलो, दूध दोन-तीन लिटर. साठच्या दशकात केरळ सरकारने संकरीकरणाचा कायदा आणला, देशी वळू खच्ची करायला लावले, आणि पंचवीस-तीस वर्षांत ही जात दिसेनाशी झाली. गाई कुणी मारल्या नव्हत्या. वळू संपले एवढंच. १९८९ मध्ये केरळ कृषी विद्यापीठातल्या डॉ. सोसम्मा आयप आणि त्यांचे विद्यार्थी गावोगाव हिंडून उरल्यासुरल्या गाई आणि वळू शोधत फिरले, त्यातून आजचा कळप उभा राहिला, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पोस्टरवर गाय असते पण जात टिकते ती वळूवर.

कोकणातही वेगळं काय झालं? पॉवर टिलर आले, नांगराला बैल लागेनासे झाले, मग पाडे (नर वासरं) कोण पाळणार. आज वाडीत आठ-दहा गाई असतील पण चांगला वळू एकही नसतो असं सर्रास दिसतं. म्हणून माझं सांगणं असं की गाय बघायला जायच्या आधी आठ-दहा किलोमीटरात फिरून या, देशी वळू कुणाकडे आहे, तो कुणाच्या पोटचा आहे, आणि सरकारी दवाखान्यात कोकण कपिलेचं सीमेन मागवून मिळतं का ते विचारा. ही दोन्ही उत्तरं 'नाही' अशी आली तर गाय घेण्याचं थांबवा किंवा तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक वळू सांभाळा. सांभाळला तर दर तीनेक वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या वळूशी बदलायचा, नाहीतर त्याच्याच पोरी त्याच्यापुढे माजावर येतात आणि मग कमजोर वासरं निघायला लागतात.

वळू आणि हवामान, या दोन चाळण्या लावल्या की जात आपोआप ठरते, फार डोकं लावावं लागत नाही. कोकणात कोकण कपिला. गोव्यात श्वेता कपिला, नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, २०२० साली नोंद झालेली. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे जमीन असेल तर कठाणी, तीही अंगाने लहान आणि धानाच्या शेतीतली. अकोले, इगतपुरीच्या घाटमाथ्यावर डांगी, ती काही छोटी नाही, मध्यम ते मोठी आहे, पण तिच्या कातडीतून तेलकट स्त्राव येतो आणि धो-धो पावसात ती निवांत चरते, तिथे दुसरी कुठलीही आणलीत तरी पावसात कुडकुडणार. वर्ध्याकडे गवळाऊ, नांदेडकडे लाल कंधारी, उदगीरकडे देवणी. खिल्लार मात्र नवशिक्याने नकोच, दिसायला राजस पण तापट, अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही, ती पिढीजात सांभाळणाऱ्यांची गाय. आणि गीर? गीर उत्तम गाय आहे, दूध भरपूर, पण ती सौराष्ट्राच्या कोरड्या हवेतली, अंगाने दणकट, खायला दुप्पट. कोकणच्या जुलैमध्ये गोठ्यातल्या ओलीत तिच्या खुरांचे हाल बघवत नाहीत.

आता खाण्याचा हिशोब, इथे जरा सावकाश वाचा. जनावराला वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के कोरडा चारा लागतो, कोरडा म्हणजे पाणी वजा करून. सव्वादोनशे किलोच्या गाईला साडेपाच किलोच्या आसपास. हिरव्या चाऱ्यात ऐंशी टक्के पाणीच असतं त्यामुळे दहा किलो हिरवा म्हणजे दोनच किलो कोरडा. तर रोजचा ताट असा होतो: दहा किलो हिरवं, तीन किलो पेंढा, किलोभर पेंड-भुसा, चमचा-दोन चमचे खनिज मिश्रण आणि तीस-चाळीस लिटर पाणी. हेच साडेचारशे किलोच्या संकरित गाईला तेरा-चौदा किलो कोरडा, म्हणजे अडीचपट. भाताचा पेंढा पोट भरतो पण त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, नुसत्या पेंढ्यावर गाय जिवंत राहते पण माजावर येत नाही, लोक मग देवाला नवस बोलतात.

हिरव्यासाठी संकरित नेपियर लावा, राहुरीच्या विद्यापीठाचा 'फुले जयवंत' किंवा तसलाच कुठलाही. पाणी आणि शेणखत दिलं तर गुंठ्याला वर्षाकाठी टनभर ते सव्वा टन गवत धरायला हरकत नाही, म्हणजे दिवसाला तीनेक किलो. तेव्हा एका छोट्या गाईला साडेतीन-चार गुंठे नेपियर आणि वर्षाचा अकराशे किलो पेंढा. दोन गाईंना आठ गुंठे आणि एक भली मोठी उडवी (पेंढ्याची रास). ही जमीन आणि मार्च-एप्रिलमध्ये तेवढं पाणी आहे का ते आधी बघा, विहिरीत मेमध्ये किती पाणी उरतं ते शेजाऱ्याला विचारा, तो खरं सांगेल, एजंट सांगणार नाही.

दोन गाई म्हणतोय कारण एक गाय म्हणजे अर्धं वर्ष चहा काळा. कोकण कपिला दिवसाला सरासरी दोन-सव्वादोन लिटर देते, त्यात वासराचा वाटा, घरात येतं लिटर-दीड लिटर. नवरा-बायकोला चहा, थोडं दही, आठवड्याला लोण्याचा गोळा, झालं. पण एका वेतात, म्हणजे एकदा व्याल्यावर, सहा-आठ महिने दूध, मग आटते, गाभण काळ नऊ महिने नऊ दिवस, दोन वेतांत सव्वा-दीड वर्षाचं अंतर सहज पडतं. दोन गाई पाच-सहा महिन्यांच्या अंतराने विणाऱ्या असतील तर एक आटली की दुसरी चालू. शिवाय गाय कळपातलं जनावर, एकटी बांधली की दिवसभर हंबरते.

दूध विकून पैसे होतील हे डोक्यातून काढा. ए-टू दुधाचं ज्यांना विकायचंय त्यांना विकू द्या, आपल्या देशी गाईंच्या दुधात बहुतेक ए-टू प्रथिन असतं हे खरं पण त्यावरून जे चमत्कार सांगितले जातात ते सिद्ध झालेले नाहीत, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने पाकिटावरून ए-टूचे दावे काढा असं सांगितलं नि आठवड्याभरात ते परतही घेतलं, यावरून काय ते समजा. गोबरगॅसचंही तेच. एक घनमीटरच्या प्लांटला रोज पंचवीस किलो शेण लागतं. छोटी गाय देते आठ-दहा किलो, आणि दिवसभर चरायला गेली तर त्यातलं निम्मं कातळावरच पडतं. दोन गाईंवर दोन घनमीटरचा प्लांट कुणी गळ्यात मारत असेल तर त्याला शेण कुठून आणू ते विचारा. शेणखत मात्र सोनं आहे, नारळ-सुपारीला दोन वर्षांत फरक कळतो.

माज ओळखणं हे नवशिक्याचं सगळ्यात कच्चं काम, माझंही होतं. आमची गाय एकदा रात्रभर हंबरत होती, मला वाटलं भूक लागली, उठून पेंड घातली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा पेंड. तिसऱ्या वेळी शेजारच्या काकी कुंपणावरूनच ओरडल्या, "अहो भाऊ, ती भुकेली नाय, माजावर आलीय!" तोपर्यंत दीड महिना फुकट गेला होता. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो बारा-अठरा तास. हंबरणं, अस्वस्थपणा, दूध कमी, मागून येणारा काचेसारखा स्वच्छ चिकट सोट (स्राव), दुसरं जनावर अंगावर चढलं तर गप्प उभं राहणं ही खूण. देशी गाईंत मुका माज बराच असतो, आवाजच करत नाही, म्हणून व्याल्यावर दोन महिन्यांनी कॅलेंडरवर नजर ठेवायची. इंजेक्शन भरायचं तर सकाळी माज दिसला की संध्याकाळी, संध्याकाळी दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी.

आणि झालेलं वासरू खोंड (नर) निघालं तर? निम्म्या वेळा निघणारच. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, नांगराला बैल कुणाला नको, म्हणजे खोंड तुमच्याकडेच राहणार. भाकड गाईचंही तसंच. लोक मग रात्री गुपचूप हायवेला सोडून येतात, तसलं करायचं नसेल तर दोन गाईंच्या हिशोबाला जन्मभराची आणखी दोन तोंडं धरूनच जमीन बघा. निवडक माद्या देणारं सीमेन हल्ली मिळतं पण तुमच्या छोट्या जातीचं मिळेलच असं नाही. त्यातला एखादा खोंड चांगला निघाला तर वर म्हटलेला वळू तोच, शेजारच्या गावाला देऊन टाका.

गाय घेताना पहिलटकर कालवड घेऊ नका. तुम्ही नवे, ती नवी, दोघंही घाबरणार. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, खाली वासरू असलेली, शांत गाय घ्या. पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतलीच, कारण तिला तुमच्याकडचं गवत आणि तुमच्याकडच्या गोचिडी माहीत असतात, गोचीडतापाला ती सरावलेली असते. संध्याकाळी जाऊन धार बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा, कारण एकच धार बघणाऱ्याला कास तुंबवून ठेवलेली गाय दाखवतात. स्वतः बसून चारी सड पिळून बघा, कासेत कुठे गाठ, कडकपणा लागला तर दगडी (कासेचा आजार) होऊन गेलीय समजा. दात बघा, पुढचे आठही कायमचे आले असतील तर साडेचार-पाच वर्षं झाली, झिजून खुंट झाले असतील तर म्हातारी. कानात बारा अंकी ओळख क्रमांकाचा टॅग आहे का बघा, नसेल तर आधी लावून घ्या. ब्रुसेलाची रक्ततपासणी करूनच पैसे द्या, तो आजार गाईचा गर्भ पाडतो आणि माणसालाही लागतो, या वयात तो ताप परवडत नाही. घेण्याची वेळ दिवाळीच्या पुढेमागे, चारा असतो, हवा कोरडी असते. मेमध्ये आणि ऐन पावसात नको.

लसी सोप्या आहेत: लाळ्या खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पी या अंगावर गाठी येणाऱ्या आजाराची दरवर्षी, २०२२ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. गोचिडीकडे मात्र कोकणात जास्त लक्ष द्या. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडताप आलाय, तो गोचिडीतून माणसाला होतो आणि जंगलात चरून आलेली गुरं गोचिडी घरापर्यंत आणतात. जंगल जवळ असेल तर हिवाळ्यापासून मेपर्यंत गाईला औषध लावायचं, आणि धार काढायला उघड्या पायांनी बसायचं नाही. गोठ्यात चिखल असेल तर गमबूट घालाच, लेप्टो म्हणजे चिखलपाण्यातून होणारा ताप टाळायला.

एक प्रश्न राहिला, मुलाकडे पुण्याला किंवा नातवंडं बघायला अमेरिकेला दोन महिने गेलात तर धार कोण काढणार? देशी गाय माणूस ओळखते, अनोळखी हाताला पान्हा सोडत नाही. आमच्याकडे जुनी पद्धत आहे अर्धेलीची, गाय दुसऱ्याकडे सांभाळायला द्यायची आणि वासरं वाटून घ्यायची. त्याचंच छोटं रूप करा. शेजारच्या कुणाला तरी पहिल्या दिवसापासून आठवड्यातून दोन वेळा धार काढू द्या, ते दूध त्यांचं, तुम्ही नसाल तेव्हा सगळंच दूध त्यांचं, आणि एखादी पाडी झाली की ती त्यांना. हे बोलणं गाय आणायच्या आधी करा, नंतर केलं की उपकार मागितल्यासारखं होतं.

आणि गाय घरी आणाल त्या दिवशी तिच्या जुन्या गोठ्यातला दोन भारे पेंढा आणि तिचं जुनं दावं मागून आणा, वासराला टेम्पोत तिच्या डोळ्यांसमोर बांधा. पहिले चार-पाच दिवस दूध निम्म्यावर येईल, फसलो म्हणून मालकाला फोन करू नका, आठवडाभर थांबा.